फळीपलीकडचा पाढा

माझी वहिनी शाळेतून घरी यायला निघाली की आधी तिचं बोलणं घरी पोचतं आणि मग ती. वाटेत दुकानदार भेटो, कुणाची आई भेटो, ती काही भांडत नसते, नुसती विचारपूस करत असते. पण तिची विचारपूससुद्धा गल्लीच्या या टोकाला बसून स्वच्छ ऐकू येते. लग्न होऊन ती आमच्या घरात आली तेव्हा दादा, म्हणजे माझा भाऊ, सुरुवातीला पार गोंधळून गेला होता. ही रागावली आहे की खूश आहे, हेच त्याला कळेना. मीच त्याला समजावलं, की बाबा रे, हा तिचा साधा आवाज आहे, रागावली की वेगळं कळेल. तसं ते लवकरच कळलंही.

ती चौथीची शिक्षिका आणि मी त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून. घरी नणंद आणि शाळेतही नणंद, आपल्याला सुटकाच नाही, असं ती म्हणते. मी म्हणते, सुटका मला नाही. मुलं तिच्या पाठीमागे तिला 'भोंगा बाई' म्हणतात. तिला ते माहीत आहे आणि आतून ती त्यावर खूशच होती. चाळीस पोरांचा वर्ग छडी न उगारता नुसत्या आवाजावर ताब्यात ठेवणं, ही तिची आयुष्यभराची कमाई होती. कुणी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवली तर ती हसायची, पण आवाजाला कुणी काही बोललेलं तिला खपत नसे.

आता आमच्या शाळेबद्दल सांगते, नाहीतर पुढचं काही उमजायचं नाही. ही इमारत म्हणजे मुळात एक लांबलचक गोदाम. त्यात कुणीतरी लाकडी फळ्यांच्या आडभिंती घातल्या आणि वर्ग पाडले. या भिंती माणसापेक्षा हातभर उंच, त्यावर छतापर्यंत सगळं मोकळं. एका वर्गात कुणी शिंकलं की पलीकडच्या वर्गातली मुलं हसायची. त्यात आमच्याकडे शिकवायची रीत ठरलेली. बाईंनी ओळ म्हणायची, वर्गाने ती एका सुरात, जमेल तेवढ्या जोरात म्हणायची. पाढे तसेच, कविता तशाच, नद्यांची नावंसुद्धा तशीच. शांत वर्ग दिसला की आमचे हेडसर दारातून डोकावून विचारायचे, "काय, आज काही चाललेलं नाही का?" वहिनीच्या वर्गाचे पाढे रस्त्यापर्यंत जात. मुलाला शाळेत घालायला आलेले आईबाप फाटकाशी थांबून ते ऐकत आणि मगच आत येत. हेडसर म्हणायचे, "तुमचा वर्ग म्हणजे आपल्या शाळेची पाटी आहे." वहिनी हे वाक्य घरी येऊन दोनदा तरी सांगायची.

तिच्या वर्गाला लागून तिसरीचा वर्ग. तिसरीला बाई टिकत नसत. एक बदली मागून गेली, एक घशाच्या दुखण्याने नोकरी सोडून गेली, एक न सांगताच गेली. आणि तिसरीतून चौथीत येणारी मुलं दरवर्षी वाचनात कच्ची. वहिनी कपाळाला हात लावायची. "तिसरीत काही शिकवतच नाहीत बघ. मला सगळं मुळापासून करून घ्यावं लागतं," असं ती वर्षानुवर्षं म्हणत आली आणि आम्ही सगळे माना डोलवत आलो.

त्या वर्षी तिसरीला नव्या बाई आल्या. बारीक चणीच्या, बोलणं हळू, पण मान वर करून बोलणाऱ्या. त्यांच्या वर्गात शिंप्याची मुलगी होती. आदल्या वर्षी वाचता आलं नाही म्हणून ती त्याच वर्गात राहिली होती. आमच्याकडे वर्ष संपताना बाहेरून तपासणीस येतात आणि प्रत्येक मुलाला उभं करून एक पान मोठ्याने वाचायला लावतात. नाही आलं तर मूल मागे राहतं. दुसऱ्यांदा नाही आलं तर शाळा नाव कमी करते. शिंपी स्वभावाने वाईट नाही. ऑफिसात माझ्यासमोर बसून तो एवढंच म्हणाला, "नसेल येत तर राहू द्या ताई. दुकानात काज-बटणाला बसवीन. तिथं वाचावं नाही लागत." मुलगी शेजारी उभी होती आणि फ्रॉकच्या शिवणीतला दोरा ओढत होती. मला त्या बापाचा राग आला, आणि आपल्याला त्यावर काही बोलता आलं नाही याचाही आला.

शिक्षकांच्या बैठकीत तिचा विषय निघाला. वहिनी म्हणाली, "त्या मुलीचं काही होणार नाही. डोकंच चालत नाही तिचं. मी वर्षभर बघते आहे, शेवटच्या बाकावर नुसती बसून असते."

नव्या बाई म्हणाल्या, "डोकं चालतं तिचं. तिला माझं ऐकू येत नाही."

"मग जरा मोठ्याने बोला की!" वहिनी म्हणाली. सगळे खो खो हसले. हेडसरही हसले. नव्या बाई हसल्या नाहीत.

ते त्यांनी मनावर मात्र घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्या ओरडून शिकवायला लागल्या. फळीपलीकडून आवाज चढला तसा वहिनीचाही चढला, कारण आपल्या वर्गाला आपलं ऐकू गेलं पाहिजे ना! मी ऑफिसात कानात कापूस घालून पगारपत्रकं करत होते. शेवटी व्हायचं तेच झालं. नव्या बाईंचा घसा असा बसला की डॉक्टरांनी त्यांना चकार शब्द बोलायची बंदी केली, आणि त्या रजेवर गेल्या. हेडसरांनी तिसरीचा वर्ग वहिनीकडे दिला. "तुमच्या मुलांना पाढे म्हणायला लावा, मॉनिटर बघेल. तुम्ही तिकडे बसा."

वहिनी तिसरीत गेली ती हातात पुस्तक घेऊन थेट शेवटच्या बाकापाशी. कच्ची मुलं मागे बसवायची हीही आमची एक रीत, आणि तिसरीचा शेवटचा बाक फळीला टेकलेला. फळीच्या पलीकडे चौथीचा फळा. म्हणजे वहिनी रोज जिथे उभी राहून बोलायची, तिथून शिंप्याच्या मुलीचं डोकं जेमतेम हातभर लांब होतं. हे कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. वहिनी त्या मुलीच्या शेजारी दाटीवाटीने बसली आणि म्हणाली, "वाच बघू."

मी तेव्हा तिथे हजेरीपट घ्यायला गेले होते, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

मुलीने बोट ठेवलं आणि वाचायला लागली. "एका... गा-वा-त... एक..." पलीकडे मॉनिटरने सतराचा पाढा सुरू केला आणि चौथीचा सगळा वर्ग त्याच्यामागून उसळला. मुलीचे ओठ हलत होते. वहिनी वाकली, आणखी वाकली, शेवटी तिने कान मुलीच्या तोंडाला लावला.

"एक कुं-भार... राहत... चौतीस," मुलगी म्हणाली.

"काय? चौतीस कुठे लिहिलंय?"

मुलगी घाबरली. पुन्हा पहिल्यापासून. गावापर्यंत आली, कुंभारापर्यंत आली आणि म्हणाली, "एक्कावन्न."

"अगं, पुस्तकात बघ! तिकडे कुठे लक्ष तुझं?" वहिनी म्हणाली, आणि कसं वाचायचं ते दाखवायला तिने पुस्तक स्वतःपुढे ओढलं. "हे बघ. एका गावात एक कुंभार राहत अडुसष्ट."

ती थांबली. पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच. जो पाढा तिने स्वतः पोरांकडून घोटून घेतला होता, तो तिच्या तोंडात घुसून तिचंच वाक्य मोडत होता. तिने पुस्तक मिटलं आणि मुलीकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं.

"सतराचा पाढा येतो का गं तुला?"

मुलीने मान हलवली आणि घडाघडा म्हणून दाखवला. मग न सांगता अठराचा म्हटला, एकोणीसचाही. तिसरीला हे पाढे नसतात. तिच्या वर्गातल्या हुशार म्हणवणाऱ्या मुलांनाही बाराच्या पुढे जाता येत नव्हतं. वहिनीने तिला चौथीची एक कविता विचारली. तीही पाठ. मग उत्तरेकडून दक्षिणेकडे सगळ्या नद्या. फळीपलीकडून जे जे आलं होतं ते सगळं त्या पोरीने धरून ठेवलं होतं, आणि स्वतःच्या वर्गातलं मात्र तिच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. वहिनी उठली, फळीला वळसा घालून आपल्या वर्गात गेली आणि पाढा बंद केला. घरी जाताना वाटेत तिने कुणाचीच विचारपूस केली नाही.

रात्री जेवताना ती म्हणाली, "मीच ती."

दादाने विचारलं, "कोण मीच ती?"

"तिसरीतल्या पोरांना वाचता येऊ न देणारी. आधीच्या बाई गेल्या, त्यासुद्धा माझ्यामुळेच." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला मला अर्धं वाक्य ऐकू आलं तरी उरलेलं आपण भरून काढतो. आपल्याजवळ साठा असतो. त्या पोरीकडे भरायला काय आहे? ती आत्ता कुठे अक्षराला अक्षर जोडते आहे. आणि मी वरून सतराचा पाढा ओतते आहे."

मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. हात धुऊन आली आणि म्हणाली, "उद्यापासून माझा आवाज फळी ओलांडणार नाही. तपासणीला अजून वेळ आहे."

वर्षानुवर्षं चढत गेलेला गळा खाली आणणं म्हणजे काय असतं, ते आम्ही त्यानंतर पाहिलं. तिने सराव आमच्यावर सुरू केला. पहिल्या संध्याकाळी तिने दादाला इतक्या हळू आवाजात मीठ मागितलं, की तो घाबराच झाला. "काय झालं? तब्येत बरी आहे ना? माझं काही चुकलं का?" मी हसून हसून बेजार. वहिनी मात्र त्याच आवाजात म्हणाली, "मीठ दे." दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन मला बाजूला घेऊन विचारून गेली, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून.

शाळेत तिने सरळ रीतच मोडली. एका सुरात म्हणणं बंद. पाढा बोटांवर आला. सतराचा पाढा असला की ती दोन बोटं दाखवायची, मुलं पाटीवर चौतीस लिहून पाट्या वर धरायची. कविता ओठांनी म्हणायची, आवाज न काढता. बोलायचं तर शेजारच्याला ऐकू जाईल इतकंच. पहिल्या दिवशी मुलांना ही गंमत वाटली, दुसऱ्या दिवशी कंटाळा आला, आणि पुढे त्यांनी तिला पुरतं जेरीला आणलं. बाईंचा आवाज गेला म्हटल्यावर मागच्या रांगेला शिंगं फुटली. एकदा तिचा तोल गेलाच. "गप्प बसा!" अशी ती कडाडली, की ऑफिसात माझ्या हातातला शिक्का चुकून भलत्याच कागदावर उमटला. लगेच ती फळीपलीकडे गेली आणि रजेवरून परत आलेल्या नव्या बाईंना भर वर्गात म्हणाली, "माझं चुकलं. पुन्हा होणार नाही." नव्या बाईंनी नुसती मान हलवली. त्या तेव्हा अजून तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हत्या, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला नसता.

आणखी एक गोष्ट उघडी पडली, ती वहिनीला फार लागली. पाट्या वर व्हायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं, की तिच्या स्वतःच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना पाढे येतच नव्हते. इतके दिवस ती मुलं गर्दीच्या आवाजात नुसतं तोंड हलवत होती. "एवढा मोठा आवाज, आणि त्याच्याखाली ही सगळी लपून बसली होती," ती मला म्हणाली. मग त्या मुलांना तिने पुढच्या बाकांवर घेतलं.

रस्त्यावर पाढे येईनासे झाले तशी लोकांना काळजी पडली. एक बसड्रायव्हर होता, त्याचा मुलगा चौथीत. तो गणवेशातच ऑफिसात आला. "ताई, चौथीला बाई नाहीत का? फाटकाशी थांबलो तर हूं की चूं नाही. पोरं शिकतात का झोपा काढतात?" मी त्याला वहिनीपुढे नेऊन उभा केला. तिने त्याच्या मुलाला उभं केलं, एकोणीसचा पाढा मधूनच कुठूनतरी विचारला, मुलाने बरोबर सांगितला. ड्रायव्हरने कान खाजवला. "ते ठीक आहे, पण बाई, रस्त्यावर ऐकू येत नाही ना!"

"रस्त्याला पाढे यायची गरज नाही," वहिनी हळूच म्हणाली.

हेडसर त्याच दिवशी संध्याकाळी भडकले. लोक बोलायला लागले, शाळेचं नाव जातं, तुम्हाला झालंय काय, असं बरंच. ती म्हणाली, "फळी छतापर्यंत न्या, मी पुन्हा पहिल्यासारखी शिकवते."

"ते पुढच्या वर्षी बघू."

"मग माझा आवाजही पुढच्या वर्षीच बघू."

मला त्या क्षणी आमच्या वहिनीचा असा अभिमान वाटला, की घरी जाताना तिची पिशवी मीच उचलली. तिने ती हिसकावून परत घेतली.

पलीकडे नव्या बाईंनी शिंप्याच्या मुलीला शेवटच्या बाकावरून उठवून आपल्या टेबलाजवळ बसवलं. रोज तिच्याकडून एक परिच्छेद, मग दोन. मुलगी वाचायला लागली, पण तिचा सगळा धीर शांततेवर टिकलेला. कुठे दार आपटलं, बाहेर ट्रक थांबला, की बोट ओळीवरून निसटायचं आणि ती ओठ मिटून घ्यायची. मिटले की मिटले. नव्या बाई म्हणायच्या, "तिला येतं. फक्त तिला तिचं स्वतःचं वाचणं ऐकू आलं पाहिजे."

तपासणीचा दिवस आला. तपासणीस तिसरीत मागच्या बाजूला, फळीजवळ टेबल मांडून बसले आणि निकाल लिहून घ्यायला शेजारी मी. माझी खुर्ची फळीच्या टोकाला, पलीकडे जायच्या वाटेपाशी होती, त्यामुळे मला दोन्ही वर्ग दिसत होते. चौथीची मुलं पाट्या घेऊन बसली होती, वहिनी फळ्यापाशी उभी. मुलं एकेक करून वाचायला लागली. बरीच बरी वाचत होती, गेल्या वर्षांपेक्षा पुष्कळच बरी. तपासणिसांनी भुवया उंचावल्या.

तेवढ्यात चौथीच्या दारात हेडसर आले. तपासणिसांसारखा मोठा माणूस शाळेत आलेला आणि शाळेत आवाज नाही, हे त्यांना सोसवेना. त्यांनी वहिनीला हाताने खूण केली, की पाढे होऊ द्या. वहिनीने मान हलवली, नाही. त्यांनी पुन्हा खूण केली, या वेळी डोळे वटारून. वहिनीने त्यांच्याकडे चक्क पाठ केली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पलीकडे वाचन चालू आहे.' मुलांनी ते वाचलं. हेडसरांनीही वाचलं. ते दारातच उभे राहिले. त्यांना आत येऊन बोलायचं तर आवाज करावा लागला असता.

इकडे नव्या बाईंनी शिंप्याच्या मुलीचं नाव घेतलं.

ती उभी राहिली. पुस्तक तिने दोन्ही हातांनी इतकं घट्ट धरलं होतं, की पान दुमडलं. तपासणिसांनी पान काढून दिलं. गोष्ट नदीकाठच्या नावाड्याची होती. ती सुरू झाली. सावकाश, एकेका शब्दावर पाय रोवत. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिचा आवाज इतका बारीक होता, की इतर कुठल्याही वर्षी तो माझ्या टेबलापर्यंतसुद्धा आला नसता. परिच्छेद संपत आला आणि एका जोडाक्षरापाशी ती अडली. "नावाड्याने व... वल्..." बोट तिथेच थांबलं. ओठ मिटायला आले.

हा धडा चौथीच्या सगळ्या मुलांना पाठ होता. गेल्या वर्षी त्यांनी तोच वाचला होता. मी तिकडे पाहिलं. पुढच्या बाकावरच्या ड्रायव्हरच्या मुलाच्या तोंडाशी तो शब्द आलेला मला दिसत होता, आणि त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. त्याच्या शेजारणीनेही. मग मागच्या रांगेनेही. एरवी ज्या वर्गाने छप्पर उडवलं असतं, तो सगळा वर्ग तोंडावर हात ठेवून बसला होता. वहिनीने खडू मुठीत धरला होता आणि तिची मूठ पांढरी पडली होती.

"...वल्हं," मुलगी म्हणाली. तिने ते ऐकलं. स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाली, "वल्हं उचललं." आणि मग न थांबता पान संपवलं.

"उत्तीर्ण," तपासणीस म्हणाले. मी लिहिलं. पेन नीट चालेना, म्हणून दुसऱ्यांदा लिहिलं. नव्या बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या.

मी वहिनीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून वाहत होते आणि तोंड उघडलं होतं. ती श्वास ओढते ते मला दिसलं. आता ही 'शाब्बास' म्हणणार आणि ते शिंप्याच्या दुकानापर्यंत जाणार, हे मी ओळखलं. पण तेवढ्यात तिसरीतली पुढची मुलगी पुस्तक घेऊन उभी राहिली, आणि वहिनीने तोंड मिटलं.